गगनवार्ता : फरवानियाचा विमानतळ आणि परतीची वाट

विमानविद्येची आवड असणाऱ्या वाचकांस जगातील मोठमोठ्या विमानतळांची नावे मुखोद्गत असतात. परंतु फरवानिया हे नाव त्या यादीत सहसा आढळत नाही. कुवेतचा आंतरराष्ट्रीय विमानतळ राजधानीच्या दक्षिणेस सुमारे पंधरा किलोमीटरांवर, याच फरवानिया प्रांतात आहे. खैतान, जलीब अल्-शुयूख इत्यादी ज्या वस्त्यांतून भारतीय कामकरी मोठ्या संख्येने राहतात, त्याही याच प्रांतात मोडतात. कामावरून थकून आलेल्या माणसाच्या माथ्यावरून मायदेशी जाणारे विमान घरघरत जावे, असा हा मुलूख आहे. म्हणून या वेळच्या सदरात त्याचीच हकीकत दिली आहे.

मुंबई आणि कुवेत यांचा संबंध तेलाच्या शोधाहून जुना आहे. कुवेतच्या बाजारात १९६१ साली दिनार येईपर्यंत रुपयाच चालत असे. आकाशमार्गाने हा संबंध जुळला तो १९३२ साली. त्या वर्षी इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने आपला पूर्वेकडील मार्ग इराणच्या किनाऱ्यावरून हलवून अरबी किनाऱ्याकडे वळविला, आणि कुवेत हा त्या मार्गावरील एक थांबा झाला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबर रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन आपले लहानसे पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरविले. अशा रीतीने आखातावरून आलेले टपाल मुंबईपर्यंत हवेतून पोहोचू लागले. कुवेतच्या स्वतःच्या विमान कंपनीची उड्डाणे १९५४ साली सुरू झाली.

विमानतळाच्या इमारतीही पाहण्याजोग्या आहेत. केन्झो टांगे या सुप्रसिद्ध जपानी वास्तुविशारदाने योजलेली इमारत १९७९ साली उघडली. आकाशातून पाहिल्यास ती पंख पसरलेल्या विमानासारखी दिसते. २०१८ साली चौथे टर्मिनल सुरू झाले. त्याखेरीज फॉस्टर यांच्या लंडन येथील संस्थेने तीन समान पाकळ्यांच्या आकाराच्या एका भव्य टर्मिनलाचा आराखडा केला, आणि त्याचे बांधकामही हाती घेण्यात आले. असो. इमारतींचे वर्णन येथवर पुरे. कारण या विमानतळाचे खरे महत्त्व तो बंद पडला तेव्हाच जगाला कळले.

२ ऑगस्ट १९९० च्या पहाटे इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसले. त्याच पहाटे लंडनहून निघालेले ब्रिटिश एअरवेजचे १४९ क्रमांकाचे बोइंग ७४७ विमान येथे उतरले होते. ते पुढे मद्रासमार्गे क्वालालंपूरला जावयाचे होते; परंतु त्याचे पुन्हा उड्डाण झालेच नाही. प्रवासी व कर्मचारी अडकले, अनेकांना ओलीस ठेवण्यात आले, आणि विमान पुढे त्याच धावपट्टीच्या परिसरात नष्ट झाले. आक्रमणाची सूचना ब्रिटिश राजदूताने लंडनला दिली होती, परंतु ती विमान कंपनीस कळविली गेली नाही, ही गोष्ट ब्रिटिश सरकारने २०२१ साली, म्हणजे तब्बल एकतीस वर्षांनी मान्य केली. कुवेत एअरवेजची दहा विमाने इराकने पळवून नेली, त्यांचा खटला इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला. विमानांसाठी न्यायालये होती. माणसांसाठी मात्र वाट शोधावी लागली.

त्या वेळी कुवेतमध्ये दीड लाखाहून अधिक भारतीय होते. विमानतळ नागरी वाहतुकीस बंद, बँका बंद, मालक परागंदा आणि कित्येकांचे पारपत्र त्या मालकाच्याच कपाटात, अशी त्यांची अवस्था होती. भारताचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल यांनी बगदादला जाऊन लोकांच्या सुटकेची वाटाघाट केली. मग बसगाड्यांतून बसरा, बगदाद आणि तेथून वाळवंट ओलांडून जॉर्डनची राजधानी अम्मान, असा हजार किलोमीटरांहून लांब प्रवास सुरू झाला. सरहद्दीवरील छावण्यांत उन्हाच्या तडाख्यात अनेकांना दिवसचे दिवस काढावे लागले.

अम्मानहून पुढचे काम विमानांनी केले. १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर १९९० या ५९ दिवसांत एअर इंडियाने, इंडियन एअरलाइन्सच्या साहाय्याने, ४८८ उड्डाणे करून १,११,७११ माणसे ४,११७ किलोमीटरांवरील मुंबईस आणली. नागरी विमानांनी केलेली सर्वांत मोठी सुटका म्हणून गिनेस ग्रंथाने तिची नोंद घेतली. शाळेतील मुलांनी येथे साधा भागाकार करून पाहावा. दररोज सरासरी आठांहून अधिक उड्डाणे, प्रत्येक विमानात सुमारे २२९ माणसे, आणि दररोज सुमारे १,९०० जण मायदेशी. नेहमीचे प्रवासी वाहून नेणाऱ्या कंपन्यांना हे करावयाचे म्हणजे तीच विमाने, तेच वैमानिक, तेच यंत्रज्ञ आणि त्याच परिचारिका यांचे वेळापत्रक पुन्हा पुन्हा नव्याने बांधणे होय. पुढे २०१६ साली या प्रसंगावर 'एअरलिफ्ट' हा हिंदी चित्रपट निघाला. त्यातील नायक काल्पनिक आहे. कॉकपिटमध्ये रात्रीमागून रात्र बसलेली माणसे मात्र खरी होती, आणि त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत.

गिरमिटावर मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांना या हकीकतीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांचे पूर्वज मुंबई बंदरातून शिडाच्या जहाजांत चढले, आणि कित्येक आठवडे पाणी पाहत राहिले. प्रारंभी मुदत संपल्यावर फुकट परतीचा प्रवास मिळत असे. परंतु १८५० नंतरच्या दशकात मॉरिशसमध्ये तो हक्कच काढून घेण्यात आला. पुढे १८६७ च्या कायद्याने जुन्या गिरमिटियालाही छायाचित्र लावलेला पास सदैव जवळ बाळगणे भाग पडले. जहाज होते, बंदर होते, वाराही अनुकूल वाहत होता. नव्हती ती केवळ परतीची मोकळीक.

ही गोष्ट केवळ इतिहासजमा झालेली आहे असेही नाही. १ जुलै २०२५ पासून कुवेतमधील खाजगी क्षेत्रातील परदेशी नोकरांस देश सोडण्यापूर्वी मालकाची अनुमती घेण्याचा नियम लागू झाला. अर्ज भ्रमणध्वनीवरून क्षणात करता येतो हे खरे. परंतु होकार देणारा हात मालकाचाच. मुंबईपर्यंतचे उड्डाण अवघे चार तासांचे. आजारी आईचे मुख पाहण्यास निघालेल्याला ते चार तास तेव्हाच उपयोगी पडतात, जेव्हा तो होकार वेळेवर मिळतो. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या निवासास आग लागून ४५ भारतीयांचा अंत झाला. दोन दिवसांनी भारतीय हवाई दलाच्या विमानाने त्यांचे देह कोचीनला आणले. तोही परतीचाच प्रवास, परंतु असा प्रवास कोणाच्याही वाट्यास येऊ नये.

तेव्हा विमानप्रेमी तरुणांनी विमानांची चित्रे जरूर जमवावीत, इंजिनांची शक्ती आणि पंखांची लांबी पाठ करावी. त्याबरोबरच आणखी एक काम हाती घ्यावे. १९९० साली जे तिशीत होते त्यांनी आता पासष्टी गाठली आहे. अम्मानच्या वाटेने परतलेले कोणी नात्यागोत्यात असतील, तर त्यांच्याकडून बसगाडीचे भाडे, छावणीतील पाण्याची रांग, विमानात मिळालेला पहिला घास हे सारे विचारून लिहून ठेवावे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची दप्तरे व छायाचित्रे जतन केलेली आहेत. तथापि ती सरकारी नोंद आहे. त्या माणसांचे स्वतःचे शब्द त्यांत फारच थोडे सापडतात. आखातातील आपल्या बांधवांच्या बाबतीत तीच उणीव राहू नये, आणि त्यासाठी वेळ अजून गेलेली नाही.