कॉफीच्या देशात गूळपाणी

कोलंबिया म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक कॉफी आणि दुसरी वर्तमानपत्रांतून वाचलेली, ती इथे नको. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत, भाचा बोगोटाला नोकरीला असल्यामुळे आम्ही उभयता तिकडे गेलो. सौ.ची काळजी मात्र तिसरीच होती. "अल्लि ऊटक्क एन सिगतैत्री?" तिचं माहेर महालिंगपूरकडचं, पक्कं शाकाहारी. मी सामिष खातो ते घराबाहेर, असा आमचा लग्नापासूनचा करार.

पहिल्याच दिवशी तिची काळजी खरी ठरली. हॉटेलात भाच्याने शिकवल्याप्रमाणे 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, असं मोठ्या ऐटीत सांगितलं. समोर आलं ते आहियाको, बोगोटाचं प्रसिद्ध सूप, आणि त्यात कोंबडीचे तुकडे! तिकडे 'कार्ने' म्हणजे मुख्यतः गोमांस, कोंबडी त्यात धरत नाहीत. बिचारीने नुसता भात आणि अ‍ॅव्होकाडो खाल्ला. तेव्हा जाणाऱ्या शाकाहारी मंडळींनी पूर्ण वाक्यच पाठ करावं: 'नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो.' मांस नाही, कोंबडी नाही, मासेही नाहीत. घेवड्याच्या उसळीतसुद्धा पुष्कळदा डुकराचं मांस शिजवलेलं असतं, तेही विचारून घ्यावं.

ते सूप अर्थात माझ्या वाट्याला आलं आणि मी धन्य झालो. बोगोटा २६०० मीटर उंचीवर, बाहेर कायम गारठा. त्यात तीन जातींचे बटाटे, एक जात पार विरघळून दाटपणा आणणारी, कणसाचा तुकडा, वरून साय आणि केपर नावाच्या आंबट कळ्या. सुवास येतो तो ग्वास्कास नावाच्या पाल्याचा. हीच वनस्पती आपल्या देशात तण म्हणून उपटून टाकतात! 'बांदेखा पाइसा' हे मेडेयीनकडचं ताट मात्र एकट्याने मागवू नये. घेवडा, भात, खिमा, तळलेली चरबी, अंडं, केळं, सॉसेज, सगळं एकाच ताटात. माझी अर्ध्यावर शरणागती.

सौ.ला तारलं ते आरेपाने. मक्याच्या पिठाची जाडसर भाकरी, तव्यावर किंवा निखाऱ्यावर भाजलेली. साधी आरेपा अळणी असते, पण कोवळ्या मक्याची, चीज घातलेली 'आरेपा दे चोक्लो' गोडसर, लुसलुशीत. मी म्हटलं भाकरी, ती म्हणाली रोट्टी. गंमत म्हणजे आरेपा आमची की तुमची, यावर कोलंबिया आणि शेजारच्या व्हेनेझुएलाचाही वाद आहे. सीमाभागातल्या माणसाने यात पडू नये, दोन्हीकडची खावी.

पेरूच्या वडीबरोबर चीज खायची पद्धतही तिला आवडली. ती वडी, बोकादियो, गोव्याच्या पेरादची सख्खी बहीण. गरम चॉकलेटच्या कपात चीजचे तुकडे टाकून चमच्याने काढून खातात, तिथे मात्र तिने हात जोडले.

चौथ्या दिवशी थंडीने खोकणाऱ्या सौ.समोर एका टपरीवाल्या मावशीने वाफाळता पेला ठेवला. वास आला आणि ती एकदम म्हणाली, "बेल्ल!" ते होतं आग्वापानेला, म्हणजे गूळपाणी, लिंबू पिळलेलं. पानेला म्हणजे आपला गूळच. गुळाच्या उत्पादनात भारतापाठोपाठ नंबर कोलंबियाचा, हे मला प्राध्यापक असून ठाऊक नव्हतं.

मग भाच्याच्या मागे लागून डोंगर उतरून उष्ण भागातल्या व्हियेताला गेलो. तिथे गुऱ्हाळ पाहिलं, त्यांच्या भाषेत 'त्रापीचे'. तेच चुलवाण, तीच चिपाडांची आग, एकापुढे एक काहिली. मळी काढायला आपल्याकडे भेंडीचा चिकट रस घालतात, तिथे एका झाडाच्या सालीचा घालतात. सौ.च्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं. ऊस कारखान्याला जाऊ लागला, गुळव्ये मिळेनात आणि तिच्या लग्नानंतर दोन वर्षांनी चुलवाण विझलं ते कायमचं. माहेरच्या त्या जागेवर आता ट्रॅक्टर उभा असतो. काहिलीसमोर ती बराच वेळ उभी राहिली. मी फोटो काढू लागलो तर म्हणाली, नको. तिथल्या बाईने लाकडी पळीवर गरम पाक काढून हातावर दिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण कुठला पाक झाला हे दोघी बोटांनी दाखवत होत्या.

येताना दोन ढेपा आणल्या, एक सासऱ्यांसाठी. वय चौऱ्याऐंशी, डोळ्यांना कमी दिसतं. त्यांनी खडा फोडून जिभेवर ठेवला, डोळे मिटले. सौ. त्यांच्या तोंडाकडे बघत होती. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बेल्ल चलो ऐति. पाक स्वल्प जास्ती आगेति."

आणि दुसरा खडा मागितला.