ॲडव्हान्स घेतला की भाव ठरला!



ऑर्डर घेतली, ॲडव्हान्स घेतला आणि नंतर कच्चा माल महागला. आता वरचे पैसे कुणी भरायचे? तुम्ही की कस्टमरने? धंद्यात हा प्रश्न एक ना एक दिवस येतोच. माझं मत आधीच सांगतो: ज्याचा ॲडव्हान्स घेतला, त्याला जुनाच भाव.

रिव्हियनचं उदाहरण बघा. ही अमेरिकन कंपनी इलेक्ट्रिक पिकअप आणि एसयूव्ही बनवते. लोकांनी १,००० डॉलर भरून गाड्या बुक केल्या होत्या, काहीजण २०१८ पासून थांबले होते. १ मार्च २०२२ ला कंपनीने भाव वाढवले. पिकअप साधारण १७ टक्के, एसयूव्ही साधारण २० टक्के. ६७,५०० डॉलरची पिकअप थेट ७९,५०० वर! आणि ही वाढ आधी बुक केलेल्यांनाही लावली.

लोक भडकले. बुकिंग धडाधड कॅन्सल व्हायला लागली. दोनच दिवसांत, ३ मार्चला, सीईओ आर. जे. स्कारिंज यांना जाहीर माफी मागावी लागली. १ मार्चच्या आधी बुकिंग केलेल्यांना जुना भाव परत मिळाला, रागाने कॅन्सल केलेल्यांनाही.

आता गंमत बघा. कंपनी खोटं बोलत नव्हती. त्या काळात चिप, धातू, सगळंच महागलं होतं. डिपॉझिटही परत मिळणारं होतं. तरी लोक का चिडले? कारण कंपनीसाठी ते १,००० डॉलर डिपॉझिट होतं, ग्राहकासाठी तो दिलेला शब्द होता. प्रकरण तिथेही संपलं नाही. खर्च वाढल्याचं शेअर बाजारात येताना लपवलं, असा दावा शेअरहोल्डर्सनी कोर्टात केला. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये, आरोप मान्य न करता, कंपनीने २५ कोटी डॉलरची तडजोड केली.

तुम्ही म्हणाल, "सर, त्या मोठ्या कंपन्या. आम्ही तोटा कुठून भरायचा?" बरोबर आहे. म्हणून आपल्या गल्लीतलं उदाहरण घेऊ.

१४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने खाद्यतेलावरची आयात ड्युटी वाढवली. कच्च्या तेलावर शून्यावरून २० टक्के, रिफाइंडवर साडेबारावरून साडेबत्तीस. गणपती चालू, दिवाळी दीड महिन्यावर. ज्या ताईंनी फराळाच्या ऑर्डरी आधीच घेतल्या होत्या, त्यांचं टेन्शन वाढणारच.

पण घाबरण्याआधी कागद-पेन घ्या. समजा ६० किलो चकलीची ऑर्डर आहे, ५०० रुपये किलोने ३०,००० रुपयांची. नफा ७,५००. तेल लागलं ३० लिटर आणि लिटरमागे ३० रुपये वाढले, तर जादा खर्च ९०० रुपये. नफा ६,६०० झाला. कमी झाला, पण धंदा बुडाला नाही. ९०० रुपयांसाठी दरवर्षीचं घर तोडायचं का? तुम्हीच ठरवा.

आणि खरंच परवडत नसेल तर? तर माल देताना नाही, भाव वाढला त्याच दिवशी फोन करा. तीन पर्याय द्या: पूर्ण ॲडव्हान्स परत, जुन्या पैशात थोडा कमी माल, किंवा राजीखुशीने नवा भाव. निवड कस्टमरची. डबे तयार करून दारात उभं राहिल्यावर "ताई, भाव वाढलाय" म्हणणं म्हणजे अडवणूक.

ही वेळच येऊ नये म्हणून मी ट्रेनिंगमध्ये चार सवयी लावायला सांगतो:

१. ॲडव्हान्स हा तुमचा नफा नाही. त्यातून त्याच आठवड्यात मुख्य कच्चा माल उचला. माझं पडद्यांचं दुकान आहे. ॲडव्हान्स आला की मी आधी कापडाचा तागा बाजूला काढतो.

२. भावाची मुदत बिलावर लिहा: "हा दर अमुक तारखेपर्यंतच्या डिलिव्हरीसाठी." लांबची ऑर्डर असेल तर दर नंतर ठरेल, हे आधीच सांगा.

३. टॅक्स किंवा सबसिडीवर चालणारा माल असेल तर वेगळी ओळ टाका. १ जून २०२३ ला इलेक्ट्रिक दुचाकींची फेम सबसिडी किलोवॅट-तासाला १५,००० वरून १०,००० रुपये झाली, कमाल मर्यादा ४० वरून १५ टक्क्यांवर आली आणि स्कूटर हजारो रुपयांनी महागल्या. असा फरक कुणी भरायचा, हे पैसे घेण्याआधी ठरलेलं बरं.

४. जुन्या भावात किती ऑर्डरी घ्यायच्या, याचा आकडा ठरवा. तो भरला की नवा भाव लावा, बिनधास्त.

भाव वाढवायला लाजू नका. नव्या कस्टमरला नवा भाव सांगणं हा तुमचा हक्कच आहे. फक्त ज्याने आधी विश्वास टाकला, त्याच्याकडून दंड वसूल करू नका.

आज एक काम करा: हातातल्या सगळ्या ॲडव्हान्स ऑर्डरींची यादी काढा आणि प्रत्येकीसमोर लिहा, कच्चा माल घेतलाय की नाही. जिथे "नाही" आलं, तिथे उद्या सकाळी पहिली खरेदी!