‘मागं बसवलं’ : कुणी, कुणाला, कशामुळे?

आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी सकाळी पहिली ते तिसरीच्या मुलांचा वर्ग भरतो. गेल्या पावसाळ्यात दुसरीतली एक मुलगी नेहमीपेक्षा गप्प होती. काय झाले विचारले तर म्हणाली, “मागं बसवलं.” पुढे काहीच नाही. कुणी? “बाईंनी.” कधीपासून? कशामुळे? दहा मिनिटांनी सगळे एकत्र आले: “माझ्याकडं वही नव्हती म्हणून बाईंनी मला शनिवारपासून मागं बसवलं.” तेवढे एक वाक्य घेऊन तिची आई सोमवारी शाळेत गेली. वहीचा प्रश्न सुटला, मुलगी पुढे आली. नुसते ‘मागं बसवलं’ ऐकून आई शाळेत जाऊन काय बोलली असती?

२०२५ साली महाराष्ट्रात शाळेतील भाषेवर भरपूर चर्चा झाली. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून आली आणि विरोध वाढल्यावर २९ जूनला तो निर्णय मागे घेण्यात आला. विरोध योग्यच होता. पण भाषा किती असाव्यात या वादात एक साधा प्रश्न मागे राहिला: पहिली-दुसरीतले मूल आपल्या मराठीत एक गोष्ट नीट सांगू शकते का?

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता-लिहिता यावे, असे २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’चे उद्दिष्ट आहे आणि त्याची मुदत २०२६-२७ आहे. ‘असर’च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २०.९ टक्के, २०२२ मध्ये १६.३ टक्के आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के होती. सुधारणा आहे, तरी चारपैकी तीन मुले अजून मागेच आहेत. शिवाय ही मोजणी वाचनाची आहे. ज्या मुलाने तोंडाने कधी पाच शब्द जोडले नाहीत, त्याला कागदावरचे पाच शब्द जोडून अर्थ लावणे जडच जाणार.

यावर तयार उत्तर असते: “घरचं वातावरणच तसं आहे, यांची भाषाच अशुद्ध.” आपल्यातली शिकलेली माणसेही हे बोलतात. १९६०च्या दशकात अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांविषयी असेच म्हटले जात होते. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लाबोव्ह यांनी हार्लेममधल्या आठ वर्षांच्या एका मुलाचे उदाहरण दिले आहे. मुलाखतीत तो एकेका शब्दात उत्तरे देत होता. मग मुलाखत घेणारा जमिनीवर बसला, चिप्स आणले, मुलाच्या मित्राला बोलावले. तोच मुलगा भडाभडा बोलू लागला. खोट मुलात नव्हती, विचारण्याच्या पद्धतीत होती.

आपल्या वर्गांत काय होते? “हे काय?” “आंबा!” “रंग कोणता?” “पिवळा!” चाळीस मुले एका सुरात ओरडतात आणि तास संपतो. घरी दिवसभर कामाने थकलेले आईबाप “जेवलास?” विचारतात, मूल “हो” म्हणते. पूर्ण वाक्य बोलण्याची गरजच कुठे पडत नाही.

दुसरा घोळ ‘शुद्ध’ आणि ‘पूर्ण’ यांचा. “मले बाबानं नवी पाटी आणली” हे वाक्य पूर्ण आहे. “मला पाटी” यातला ‘मला’ पुस्तकी आहे, पण वाक्य अर्धवट आहे. ‘मले’ उच्चारताच मध्येच टोकले की मूल वाक्यच सोडून देते. प्रमाण मराठी आलीच पाहिजे, परीक्षा आणि कचेऱ्या तिच्यातच चालतात. पण ती वाचनातून हळूहळू येते. आधी मुलाला बोलणे पुरे करू द्यावे.

मात्र ऊठसूट “पूर्ण वाक्यात सांग” असा हट्टही नको. “चहा घेणार?” याला “हो” हे उत्तर पुरेसे आहे. जो तिथे नव्हता त्याला सांगताना पूर्ण वाक्य लागते. मराठीत तर कर्ता सहज गळून पडतो: ‘मारलं’, ‘हाकललं’, ‘नाव कापलं’. व्याकरणाला ते चालते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला ते परवडत नाही. बातम्यांतही ‘तरुणाला मारहाण’ असते, मारणारा नसतो. ‘कुणी?’ विचारायची आणि सांगायची सवय सातव्या वर्षी लागली तर पुढे तक्रार अर्ज लिहिताना हात अडत नाही.

आम्ही वर्गात काय करतो ते सांगते. मूल म्हणाले “कुत्रा पळाला”, तर आम्ही म्हणतो, “हो का, काळा कुत्रा गाडीखालून पळाला! मग?” पुन्हा म्हणायला लावत नाही. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजून थांबतो. दोन मुले पाठीला पाठ लावून बसतात, एक चित्राचे वर्णन करते, दुसरे ऐकून काढते. शब्दांच्या चिठ्ठ्या जुळवतो: आजीने, बाजारातून, भाजी, आणली. ‘भाजी’च्या जागी ‘कांदे’ ठेवले की मुलेच ओरडतात, “आणले!” शेवटी प्रत्येकाचे एक वाक्य जुन्या कॅलेंडरच्या मागे, त्याने सांगितले तसेच लिहितो आणि त्याच्याकडूनच वाचून घेतो. खर्च जवळजवळ शून्य.

पण रविवारचा वर्ग म्हणजे शाळा नव्हे. खरी जबाबदारी अंगणवाडी आणि शाळेची आहे. वजन, आहार, मोबाइलवरच्या नोंदी सांभाळणाऱ्या अंगणवाडीताईला मुलांशी गप्पा मारायला वेळ कुठून मिळणार? मानधन आणि पेन्शनसाठी याच ताईंना २०२३-२४ च्या हिवाळ्यात राज्यात पन्नासहून अधिक दिवस संप करावा लागला. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथे खिचडी आणि इमारतीबरोबर हेही विचारा: वर्गात मुले किती बोलतात?

१८५५ मध्ये फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात नुसते दुःख नाही, ते कुणी दिले हेही आहे. कुणीतरी तिला बोलू दिले, लिहू दिले, मध्ये टोकले नाही, म्हणून ते घडले. तुमच्या विहारात अभ्यासिका असेल तर येत्या रविवारी लहान मुलांसाठी एक तास काढा. एका मुलाला विचारा, “काल काय झालं?” आणि त्याचे सांगून होईपर्यंत थांबा.