डोक्याचा मुका मार आणि ‘सकाळी पाहू’

सावंगी (मेघे) हे नाव यवतमाळ-चंद्रपूरपर्यंतच्या लोकांच्या तोंडी आहे ते तिथल्या दवाखान्यामुळे. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात दूरदूरच्या गावांतून लोक रुग्ण घेऊन येतात. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे, वर्धा शहरात जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. आणि या तिन्हींच्या सावलीत राहणाऱ्या आमच्या वस्त्यांत डोक्याला मार लागलेला माणूस मात्र रात्रभर घरीच पडून राहतो. कारण तो आपल्या पायाने चालत आलेला असतो. “रक्त नाही निघालं, मुका मार आहे, झोपू द्या त्याले, सकाळी पाहू.” डोक्याच्या बाबतीत हे बोलणे वस्तीतून बंद झाले पाहिजे, असे आमचे मत आहे.

डोक्याची कातडी फुटली की रक्त धो धो वाहते आणि घर घाबरते. पुष्कळदा चार टाक्यांत काम भागते. पण कवटी म्हणजे हाडांची बंद पेटी. तिच्या आत रक्तवाहिनी फुटली तर बाहेर थेंबही दिसत नाही. साचणाऱ्या रक्ताला जायला वाट नसते, ते मेंदूला दाबत जाते. सुरुवातीला माणूस बोलतो, चहा पितो, आणि काही तासांत कोसळतो. भारताकडून खेळलेले क्रिकेटपटू रमण लांबा आठवत असतील. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात हेल्मेटशिवाय फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षण करताना चेंडू त्यांच्या कपाळाच्या बाजूला लागला. ते चालत मैदानाबाहेर गेले. थोड्याच वेळात प्रकृती बिघडली, शस्त्रक्रिया झाली, पण तीन दिवसांत ते गेले. चालत येणे ही काही खात्री नव्हे.

मग जायचे केव्हा? मार लागल्यावर क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल, पुन्हा पुन्हा उलटी होत असेल, डोकेदुखी वाढतच असेल, झटका आला असेल, तर वाट पाहू नये. बोलणे अडखळते, तेच तेच विचारतो, घरच्यांना ओळखत नाही, एका बाजूचा हातपाय ढिला पडतो, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसते, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाण्यासारखे काही गळते: यातले एक जरी दिसले तरी निघावे. तान्हे बाळ पाळण्यातून किंवा खाटेवरून पडले, तर लक्षणांची वाट न पाहता दाखवावे. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असणाऱ्यांनाही तोच नियम.

झोपेबद्दल गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. झोपल्याने मेंदूला इजा होत नाही. पण झोपलेला माणूस उठतो की नाही, हे पाहावे लागते. पहिल्या रात्री कोणीतरी जवळ असावे, दोन-तीन तासांनी हाक मारून उठवावे, नाव-गाव विचारावे. नीट उठला नाही तर त्याच क्षणी निघावे. जवळच्या डॉक्टरकडून उलटी थांबवायची सुई टोचून घेऊन घरी परतणे आम्हाला धोक्याचे वाटते, कारण उलटी थांबते आणि घर निर्धास्त होते. एक्स-रेत हाड दिसते, आत साचलेले रक्त दिसत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन लागतो.

सर्वात जास्त घोटाळा दारूमुळे होतो. जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि ती किती आहे हे सर्वांना ठाऊक आहे. प्यायलेला माणूस गाडीवरून पडला की त्याची बडबड, उलटी, गुंगी सगळे दारूच्या खात्यावर जाते. घरचेही लाजेने गप्प राहतात. खरे तर प्यायलेल्याच्या बाबतीत आतला रक्तस्राव ओळखणे अधिक कठीण असते, म्हणून त्याला आधी न्यायला हवे. डॉक्टरला तो प्यायला होता हेही सांगावे. तसेच ‘न्हाणीत घसरली’ असे सांगणाऱ्या बाईचे. भिंतीवर डोके आपटले गेले हे शेजारणींना माहीत असते. तिला दवाखान्यात नेण्यासाठी तिच्या नवऱ्याची परवानगी लागते, असे आम्ही मानत नाही.

पोलीस केस होईल ही भीती घालवली पाहिजे. डोक्याच्या मारात दवाखाना पोलिसांना कळवू शकतो, पण कागद नंतर, उपचार आधी. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. अपघातग्रस्ताला आणणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही संरक्षण आले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र दवाखान्यात बसतात. रेशन कार्ड आणि आधार त्यांना दाखवावे. पण पेटीत कार्ड शोधत अर्धा तास घालवू नये, ते मागून आणता येते.

१०८ ची गाडी मोफत येते. तोवर मान हलवू नये. दोघा-तिघांनी धरून मान आणि पाठ एका रेषेत ठेवावी. उलटी आली तर सगळे शरीर एकदमच कुशीवर वळवावे. पाणी पाजू नये, झटका आला म्हणून कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेणे टाळावे. मार केव्हा लागला, शुद्ध गेली होती का, उलट्या किती झाल्या, हे पाहणाऱ्यानेच सोबत जावे. विहाराच्या फळ्यावर कार्यक्रमांच्या सूचनांशेजारी १०८ हा आकडा आणि वरची लक्षणे लिहून ठेवायला खडूच लागतो.

म्हाताऱ्यांचे थोडे वेगळे. त्यांच्यात रक्त हळूहळू साचू शकते, दोन-तीन आठवडेही लागतात. आजोबा महिनाभरापूर्वी ओट्यावरून पडले होते, आता चालताना एका बाजूला कलतात, विसरतात, दिवसा झोपून असतात. घरात म्हणतात, वय झाले. डॉक्टरला त्या पडण्याची गोष्ट आवर्जून सांगावी. असे साचलेले रक्त शस्त्रक्रियेने काढता येते, आणि त्यानंतर पुष्कळ म्हातारे पुन्हा चालू लागतात.