तीन पिढ्यांचे घर बांधताय? आधी आजी-आजोबांची खोली ठरवा. समजून घ्या कारणे

नांदुरा : समोर पार्किंग, खाली हॉल-किचन आणि बेडरूम वर. तालुक्याच्या गावांत धाब्याच्या जुन्या घरांच्या जागी बांधल्या जाणाऱ्या आरसीसी घरांचा नकाशा अनेकदा असाच असतो. पण घरात सत्तरीची आजी असेल तर हाच नकाशा तिला जिन्यापाशी अडवतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेले १० कोटींहून अधिक नागरिक होते. आज चाळिशीत घर बांधणाराही ३० वर्षांनी त्याच जिन्यासमोर उभा असेल.

ज्येष्ठांची खोली कुठे हवी?
तळमजल्यावर, संडास-बाथरूमला लागून. दुसरे कारण उन्हाचे. नांदुऱ्यात मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडतो. धाब्याच्या जाड मातीखाली हा त्रास कमी असे.

दरवाजा किती रुंद?
बाथरूमला अडीच फुटी दरवाजा लावला की चौकटीत व्हीलचेअर अडते. तीन फूट मोकळी जागा ठेवा. कमोडशेजारी आधाराचा दांडा बसवण्यासाठी भिंत पक्की घ्या.

रॅम्पचे गणित काय?
सुरक्षित उताराचे प्रमाण १:१२ आहे. म्हणजे जोते दोन फूट उंच असेल तर रॅम्प २४ फूट लांब लागतो. घर बांधून झाल्यावर एवढी जागा सापडत नाही. ती बाजूच्या मोकळ्या जागेत आधीच राखावी लागते.

मजला नंतर चढवला तर?
काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. एका मजल्यासाठी घेतलेल्या पायावर दुसरा चढवला तर भिंतींना तडे जाऊ शकतात. त्यामुळे मातीची तपासणी करून पाया सुरुवातीलाच पूर्ण घराच्या हिशेबाने घ्यावा.

मुलांनी वेगळी चूल मांडली तर?
वरच्या मजल्यावर पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन आधीच काढून ठेवा. जिना मुख्य दाराजवळ असेल तर पुढे दोन्ही मजले स्वतंत्र वापरता येतात. फरशी फोडावी लागत नाही आणि आई-वडिलांना घरही बदलावे लागत नाही.

आता काय कराल?
नकाशा नगर परिषदेकडे परवानगीसाठी देण्यापूर्वी घरातल्या ज्येष्ठांसमोर ठेवा. एवढेच विचारा : रात्री उठून बाथरूमपर्यंत जाताना वाटेत किती पायऱ्या आहेत? उत्तर 'एकही नाही' असेल, तरच पुढचे काम सुरू करा.