एकट्या मुलाचा विमानप्रवास : जबाबदारी नेमकी कुणाची?

नाताळच्या सुट्टीत आजीकडे निघालेल्या सहा वर्षांच्या एका मुलाला २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया विमानतळावर स्पिरिट एअरलाइन्सच्या स्वाधीन करण्यात आले. त्याला जायचे होते फोर्ट मायर्सला. कर्मचाऱ्यांनी त्याला बसवले ऑर्लंडोच्या विमानात. त्याची बॅग मात्र बिनचूक फोर्ट मायर्सला पोहोचली. विमान रिकामे झाले तरी नातू दिसेना, तेव्हा तेथे वाट पाहणाऱ्या आजीची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल. मुलगा सुखरूप होता, कंपनीने माफी मागितली, संबंधित कर्मचारी पुढे कंपनीत राहिला नाही आणि प्रकरण मिटले. सामान योग्य ठिकाणी पोहोचते आणि मूल पोहोचत नाही, या विसंगतीने उभा केलेला प्रश्न मात्र मिटलेला नाही.

हा प्रकार पहिलाही नव्हता. जून २००९ मध्ये कॉन्टिनेंटल एअरलाइन्सने दोन दिवसांच्या आत दोन मुलींना चुकीच्या शहरांत पोहोचवले होते. एकाच दारातून दोन विमानांचे प्रवासी सोडले जात असताना कर्मचाऱ्यांत गोंधळ झाला, असा खुलासा त्या वेळी करण्यात आला. २०१६ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकातून न्यूयॉर्कला निघालेला पाच वर्षांचा मुलगा जेटब्लूच्या विमानाने बोस्टनला उतरला आणि न्यूयॉर्कला थांबलेल्या त्याच्या आईसमोर भलत्याच मुलाला आणून उभे करण्यात आले. त्या मुलाजवळ पासपोर्ट होता तो तिच्या मुलाचा. कागद बरोबर होता, मूल चुकले होते.

एकट्याने प्रवास करणारी बहुसंख्य मुले सुखरूप पोहोचतात, हे खरेच. तरीही हे अपवाद दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. कारण अशा प्रवासाची गरज आता आपल्याही शहरांत नित्याची झाली आहे. आई एका शहरात आणि वडील दुसऱ्या शहरात नोकरीला, आजी-आजोबा पुण्यात किंवा नागपुरात, पालक आखातात आणि मूल पाचगणीच्या निवासी शाळेत, किंवा विभक्त झालेल्या आई-वडिलांमध्ये वाटली गेलेली सुट्टी, अशी अनेक कारणे त्यामागे असतात. पूर्वी रात्रीच्या गाडीने कुणीतरी काका-मामा मुलाला ‘सोडायला’ जात. आता ते काम पैसे भरून विमान कंपनीवर सोपवले जाते. सोपवलेले हे काम नेमके काय आहे आणि त्याचे उत्तरदायित्व कुठवर जाते, हे मात्र फारच थोड्या पालकांना ठाऊक असते.

पाच ते बारा, आणि त्यानंतर?

विमान वाहतुकीच्या परिभाषेत अशा मुलाला ‘अनअकम्पनीड मायनर’ म्हणतात. पाच वर्षांखालील मुलाला एकट्याने नेले जात नाही, हा जगभरचा सर्वसाधारण दंडक. त्यापुढे मात्र एकवाक्यता संपते. भारतात साधारणपणे पाच ते बारा या वयोगटासाठी ही सशुल्क सेवा घ्यावी लागते. अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेड या अमेरिकेतील तीन मोठ्या कंपन्या ती पाच ते चौदा वर्षांपर्यंत सक्तीची करतात आणि एका बाजूच्या प्रवासासाठी तिकिटाखेरीज दीडशे डॉलर आकारतात. एमिरेट्समध्ये ती अकरा वर्षांपर्यंत सक्तीची, त्यापुढे पंधरापर्यंत ऐच्छिक. रायनएअर सोळा वर्षांखालील मुलाला एकट्याने घेतच नाही.

काही कंपन्यांनी तर या सेवेतून अंगच काढून घेतले आहे. ब्रिटिश एअरवेजने आपली जुनी सेवा २०१६ मध्ये बंद केली. आता तेथे चौदा वर्षांखालील मुलाला एकट्याने जाता येत नाही. अमेरिकेतील फ्रंटियरने नोव्हेंबर २०१८ पासून पंधरा वर्षांखालील एकट्या मुलांना दार बंद केले. कारण उघड आहे. एका मुलासाठी दोन विमानतळांवर माणसे गुंतवायची, कागदपत्रे सांभाळायची, उड्डाण चुकले तर त्याचा सांभाळ करायचा आणि चूक झाली तर बदनामीही पत्करायची. स्वस्त तिकिटांच्या गणितात हे बसत नाही. एक सोय बंद झाली इतकीच नोंद कंपनीच्या ताळेबंदात होत असेल. ज्या कुटुंबाची घडीच त्या सोयीवर बसलेली असते, त्याच्यापुढे मात्र दुसरा मार्ग राहत नाही.

वयाच्या या रेषेत आणखी एक विसंगती दडलेली आहे. भारतीय कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत व्यक्ती बालक असते. पोक्सो कायदा आणि बालन्याय कायदा दोन्ही हीच व्याख्या मानतात. विमानाच्या तिकिटावर मात्र बाराव्या वाढदिवसालाच बालपण संपते आणि प्रौढाचे भाडे लागू होते. तेरा वर्षांची मुलगी कंपनीच्या लेखी इतर प्रवाशांसारखीच एक प्रवासी. विमान चुकले तर तिला हॉटेलात स्वतःच्या नावावर खोली मिळणे कठीण, पण कंपनीने तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे असे बंधनही नाही. पैसे वाचवण्यासाठी बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी ऐच्छिक सेवाही न घेणाऱ्या पालकांनी हा मुद्दा विचारात घ्यायला हवा.

सह्यांची साखळी

या सेवेचे स्वरूप पाहिले तर ती मुख्यतः हस्तांतरणांची साखळी असल्याचे दिसते. पालक चेक-इन काउंटरवर अर्ज भरतात. त्यात सोडणाऱ्याचे आणि उतरवून घेणाऱ्याचे नाव, पत्ता, दूरध्वनी असतो. मुलाच्या गळ्यात कागदपत्रांची पिशवी अडकवली जाते. जमिनीवरील कर्मचारी त्याला सुरक्षा तपासणीतून नेऊन विमानातील कर्मचाऱ्यांच्या हाती देतात. उतरल्यावर ते दुसऱ्या विमानतळावरील कर्मचाऱ्यांकडे, आणि ते ओळखपत्र पाहून नातेवाइकाकडे. प्रत्येक टप्प्यावर सही अपेक्षित असते. वर उल्लेखलेल्या घटना पाहिल्या, तर मूल चुकले ते आकाशात नव्हे, या टप्प्यांपैकी कुठल्यातरी एका टप्प्यावर, जेथे नाव विचारून बोर्डिंग पासाशी ताडून पाहण्याचे दोन क्षणांचे काम झाले नाही.

विमानात परिचारिकेसारखी देखभाल मिळेल, हाही एक गैरसमज आहे. केबिन कर्मचाऱ्यांचे पहिले काम सर्वांच्या सुरक्षिततेचे असते. ते मुलाकडे अधूनमधून पाहतात, पण सतत शेजारी बसत नाहीत आणि औषध देण्याची जबाबदारी सहसा स्वीकारत नाहीत. दम्याचा किंवा अ‍ॅलर्जीचा त्रास असलेल्या मुलाच्या बाबतीत हे आधीच विचारून घेणे अत्यावश्यक ठरते.

निरोपाची जागाही देशोदेशी वेगळी. अमेरिकेत सोडणाऱ्या पालकाला खास पास घेऊन थेट विमानाच्या दारापर्यंत जाता येते. भारतात सुरक्षा व्यवस्थेच्या निकषांमुळे हा निरोप सामान्यतः तपासणीच्या अलीकडेच घ्यावा लागतो. त्यामुळे आपल्याकडे मूल कंपनीच्या ताब्यात अधिक काळ असते आणि साखळीची पहिली कडी अधिक महत्त्वाची ठरते.

वेळापत्रक कोसळते तेव्हा

सर्व सुरळीत असताना ही साखळी टिकते. खरी कसोटी लागते ती व्यवस्था कोलमडल्यावर. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष संगणकीय अद्ययावतीकरणामुळे जगभरची विमानसेवा विस्कळीत झाली. सर्वाधिक काळ अडखळलेल्या कंपन्यांत डेल्टा होती. तिने काही दिवस एकट्या मुलांना प्रवासबंदी केली. निर्णयामागचा विचार समजण्याजोगा होता. पण जी मुले जाण्याचा प्रवास करून चुकली होती त्यांचे परतीचे दार त्यामुळे बंद झाले आणि अनेक पालकांना स्वतः धाव घ्यावी लागली. अमेरिकेच्या परिवहन खात्याने त्या गोंधळाबद्दल कंपनीची चौकशी सुरू केली.

भारतालाही असा अनुभव डिसेंबर २०२५ मध्ये आला. वैमानिकांच्या कामाच्या तासांविषयीचे नवे नियम लागू झाल्यानंतर नियोजन फसले आणि इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द होऊ लागली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. धडधाकट प्रौढ प्रवाशांना त्या दिवसांत माहिती देणारा माणूस सापडत नव्हता, पाणी आणि बसायला जागा मिळत नव्हती. अशा गर्दीत गळ्यात पिशवी अडकवलेले आठ वर्षांचे मूल उभे असेल तर त्याची जबाबदारी कोणी घ्यायची, याचे उत्तर कंपनीच्या संकेतस्थळावरील ‘अटी आणि शर्तीं’मध्ये शोधावे लागते.

उड्डाण रद्द झाल्यास किंवा फार लांबल्यास प्रवाशाला खाणेपिणे, पर्यायी विमान आणि विशिष्ट परिस्थितीत हॉटेलची व्यवस्था द्यावी, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम सांगतात. पण दहा वर्षांच्या मुलाला हॉटेलची खोली देऊन काय साधणार? त्याला हवा असतो जबाबदार माणूस, आणि ते मूल कुणाच्या ताब्यात आहे हे पालकांना कळवणारा दूरध्वनी.

महासंचालनालयाला या विषयाचे भान नाही असे म्हणता येणार नाही. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला सोबतच्या पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी जागा द्यावी, असा निर्देश त्याने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना दिला. पसंतीच्या आसनासाठी जादा पैसे न भरणाऱ्या कुटुंबांची ताटातूट थांबावी, हा त्यामागचा हेतू स्वागतार्ह होता. परंतु पालक ज्याच्याबरोबर नाहीतच, त्या मुलाबद्दल त्या निर्देशात काही नव्हते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या शिकागो कराराला जोडलेल्या नवव्या परिशिष्टात कंपन्यांनी अशा मुलांसाठी निश्चित कार्यपद्धती ठेवावी, अशी अपेक्षा आहे. ती कार्यपद्धती कशी असावी, हे मात्र बहुतांशी कंपन्यांवरच सोपवलेले आहे. अमेरिकेतही परिवहन खाते पालकांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध करते, नियम मात्र कंपन्यांचेच असतात.

भारतात याला आणखी एक पदर आहे. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवर आली, विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. देशांतर्गत बाजारपेठेचा फार मोठा हिस्सा आता दोन समूहांकडे आहे. त्यांनी ठरवलेले धोरण हाच व्यवहारात देशाचा नियम होतो. उद्या त्यांपैकी एकाने ही सेवा परवडत नाही म्हणून आखडती घेतली, तर अनेक मार्गांवर पालकांना पर्यायच उरणार नाही.

पालकांच्या हाती काय?

नियामकाची वाट पाहत बसणे पालकांना शक्य नसते. त्यांच्या हाती असलेल्या गोष्टींत पहिली म्हणजे उड्डाणाची निवड. थेट आणि शक्यतो सकाळचे विमान घ्यावे. ते रद्द झाले तरी दिवस हाताशी राहतो. अमेरिकन एअरलाइन्स सात वर्षांपर्यंतच्या मुलांना केवळ थेट विमानानेच नेते, यामागे हेच तारतम्य आहे. विमान बदलण्याच्या ठिकाणी अडकलेल्या मुलाजवळ ना सोडणारा असतो ना घेणारा.

तिकीट काढताना कंपनीशी थेट बोलावे. प्रवास-संकेतस्थळांवर तिकीट निघते, पण सोबतीच्या सेवेची नोंद झालेली असेलच असे नाही. एका विमानात अशी किती मुले घ्यायची यालाही मर्यादा असते. पालकांसोबत जाणाऱ्या लहान मुलाला देशांतर्गत प्रवासात वेगळे ओळखपत्र लागत नाही. एकटा जाताना ते लागते, म्हणून शाळेचे छायाचित्र असलेले ओळखपत्र किंवा आधार तयार ठेवावे. परदेशप्रवासात दोन्ही पालकांचे संमतिपत्र नोटरीकडून साक्षांकित करून घेणे इष्ट. अमेरिकेचे सीमाशुल्क खातेही तशी आग्रहाची शिफारस करते. विभक्त पालकांच्या बाबतीत तर या एका कागदावर संपूर्ण प्रवास अडू शकतो.

उतरवून घेणाऱ्याचे नाव अर्जात त्याच्या ओळखपत्रावर असेल अगदी तसेच लिहावे. ‘बंडूकाका’ या नावाने मूल ताब्यात मिळत नाही, आणि मिळूही नये. ऐनवेळी चालकाला किंवा शेजाऱ्याला पाठवण्याचा मोह टाळावा. सोडणाऱ्यानेही विमान प्रत्यक्ष उडेपर्यंत विमानतळ सोडू नये; धावपट्टीवर जाऊन परत आलेली विमाने अनेकांनी पाहिली आहेत.

राहता राहिली मुलाची स्वतःची तयारी. दोन दूरध्वनी क्रमांक त्याला तोंडपाठ हवेत, कारण मोबाइलची बॅटरी संपते. आपण कोणत्या शहराला चाललो आहोत हे त्याला ठाऊक हवे आणि विमानात शिरताना ‘हे विमान नागपूरलाच जाते ना?’ असे विचारण्याची भीड नको. मोठ्यांना प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा, हा आपल्या घरांतला संस्कार येथे बाजूला ठेवावा लागतो. शेजारच्या प्रवाशाचे वागणे खटकले तर घंटीचे बटण दाबायचे, गणवेशातील कर्मचाऱ्याखेरीज कुणाबरोबरही जायचे नाही, हे घरी दोन-चारदा बोलून घ्यावे. आणि मूल मनापासून तयार नसेल, तर वयाची अट पूर्ण झाली एवढ्यावरून त्याला पाठवू नये.

एवढे करूनही पालकांची सत्ता काउंटरपाशी संपते. पुढची जबाबदारी शुल्क घेणाऱ्याची आहे आणि ती लेखी स्वरूपात बंधनकारक करणे नियामकाला अवघड नाही. प्रत्येक हस्तांतरणाची नोंद आणि तिचा संदेश पालकांच्या मोबाइलवर. विमानात चढवताना नाव आणि गंतव्याची दुहेरी पडताळणी. उड्डाण रद्द झाल्यास मूल पालकांच्या हाती जाईपर्यंत नेमून दिलेला एक कर्मचारी. बारा ते अठरा या वयोगटाला अडचणीच्या वेळी किमान मदतीची हमी. आणि सेवा बंद करायची तर पुरेशी पूर्वसूचना, परतीचा प्रवास बाकी असलेल्या मुलांचा अपवाद करून. यांतील एकाही गोष्टीला नवे तंत्रज्ञान लागत नाही. बॅगेचा प्रवास टप्प्याटप्प्याने मोबाइलवर दाखवण्याची व्यवस्था कंपन्यांपाशी आधीपासून आहे. पुढच्या मे महिन्याची गर्दी सुरू होण्यापूर्वी तीच काळजी मुलांच्या वाट्याला यावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.