पडू नये म्हणून, हरिपाठाआधी पंधरा मिनिटे

पालमसारख्या गावात आजोबा ओसरीवरून घसरले, खुबा मोडला की सारे म्हणतात, ‘वय झालं!’ पण बहुतेकदा पायांतली ताकद आणि तोल गेलेला असतो; सरावाने तो बराच परत येतो. १०८ चाचण्यांच्या २०१९च्या कॉक्रेन आढाव्यात व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटनाही ६५ वर्षांपुढे आठवड्यातून किमान तीन दिवस असे व्यायाम सुचवते.

एकट्याचा नेम मोडतो, चौघांत टिकतो. म्हणून हरिपाठाला जमणाऱ्यांनी आधी पंधरा मिनिटे खुर्चीवरून उठबस, भिंत धरून टाचा उचलणे, एका रेषेत चालणे करावे. आरोग्य उपकेंद्राने शिकवायला यावे. खुबा मोडल्यावर नांदेड-परभणी गाठण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त.